तेरावा पेला

देयानिरा होहोआ कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसे, आणि बावीस वर्षं आमच्या गल्लीतली पोरं सांभाळताना त्यामुळे तिचं फारसं काही बिघडलं नव्हतं. "रात्री छान झोपला," असं आई म्हणाली की ती मुलाच्या डोळ्यांखाली बघायची. "पोटभर खाऊन आलाय," म्हटलं की त्याच्या हातात पाव द्यायची आणि तो किती वेळात संपतो ते पाहायची. ताप तर ती ओठांनी मोजायची. दारात मूल उचलायचं, कपाळाला ओठ टेकवायचे आणि "ये आत" किंवा "घरी ने" एवढंच म्हणायचं. आमच्या पास्तो या डोंगराळ शहराच्या थंडीत सकाळी सगळ्यांचीच कपाळं गार असतात, तरी तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

मी तिच्या समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर राहते. शाळेत सिस्टरांनी रोज वही लिहायला लावली, ती सवय सुटली नाही. आधी तारीख, मग हवा, मग डोळ्यांनी पाहिलेलं; नुसतं वाटलेलं असेल ते वेगळ्या ओळीत. हे लिहिताना त्याच वह्या समोर उघडून ठेवल्या आहेत.

देयानिरा एकोणिसाव्या वर्षी ज्वालामुखीच्या पलीकडच्या गावातून आली, ती पाठीवर तान्ही मागाली बांधून. नवरा खाली उष्ण प्रदेशात कॉफी तोडायला गेला आणि तिकडचाच झाला. ती बाजारात बटाटे धुवायची, पोरीला रिकाम्या खोक्यात झोपवून. एकदा त्या खोक्यात कोणीतरी न बघता कांदे ओतायला लागला. त्या दिवशी ती काम सोडून घरी आली आणि शेजारणींना म्हणाली, "एका पोरीसाठी घरी बसायचंच, तर तुमचीही द्या." पुढे सरकारी योजना आली, तिच्या दारावर पाटी लागली. पाळणाघर म्हणजे तिचं घरच. पुढची खोली मुलांची, मधलं अंगण मुलांचं, मागचं स्वयंपाकघर निम्मं मुलांचं, निम्मं तिचं.

साथीच्या पहिल्या वर्षी पाळणाघर बंद होतं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये उघडलं तेव्हा योजना चालवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी दारावर नियमांचा कागद चिकटवला. बूट ब्लीचच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर पुसायचे. साबणाने हात धुवायचे. गाद्या हातभर अंतरावर. प्रत्येक मुलाचा पेला वेगळा, त्यावर नावाची चिकटपट्टी. येताना आणि जाताना ताप मोजायचा. पापे घ्यायचे नाहीत. ओठांच्या जागी तिला पिस्तुलासारखी तापमापी मिळाली.

आयांनी ती कपाळाला लावू दिली नाही.

"कपाळावर नको, दोन्या देया," एका पोराची आई डोरिस म्हणाली; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. "त्या लाल दिव्याने मेंदू करपतो. माझ्या दिराच्या मोबाइलवर डॉक्टरच सांगत होता."

"त्या डॉक्टरचाच करपला असेल," देयानिरा म्हणाली. पण पुढच्या सगळ्या आयांनी पोरांची कपाळं हाताने झाकली, तेव्हा तिने मनगटावर तडजोड केली. सकाळी सातच्या गारठ्यात मनगटावर चौतीस, साडेचौतीस असे आकडे येत. "या हिशोबाने ही पोरं कालच मेली आहेत," असं म्हणत ती ते वहीत उतरवायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात युलियाना बोतिनाची एमेली सकाळी गार आली आणि अकरा वाजता तापाने फणफणली. दोन दिवसांनी परत आली, परत तेच. तिसऱ्या खेपेला देयानिराने दारातच वाकून, मास्क खाली ओढून त्या पोरीच्या तोंडाचा वास घेतला. मी खिडकीतून पाहिलं आणि ऐकलंही, कारण दोघींनाही हळू बोलता येत नाही.

"स्ट्रॉबेरीचा वास येतोय."

"टूथपेस्ट आहे," युलियाना म्हणाली.

"तापाच्या औषधालाही हाच वास असतो, पोरी. पहाटे पाजलं की सातला गार, अकराला गरम."

"म्हणजे मी माझ्या लेकीला औषध पाजून तुमच्या गळ्यात मारते?"

"मी तसं म्हटलं नाही. वास येतोय एवढंच म्हटलं."

"मग तुमच्या मास्कवाल्या नाकाने माझ्या आंघोळीचाही वास घ्या," युलियाना म्हणाली आणि पोरीला उचलून कामाला गेली. ती एका हॉटेलात चादरी धुते. त्या दिवशी एमेली हॉटेलच्या मागे टोपलीत बसून राहिली म्हणे.

त्यानंतर देयानिराने गुपचूप दुसरी वही काढली. अकरा वाजता, लापशीच्या आधी, ती पुन्हा बाराही मुलांचा ताप मोजायची, आणि तोही कपाळावर. आया कुठे बघायला होत्या. पण मुलं बोलतात. "आम्हाला दोनदा गोळी घालते," असं एकाने घरी सांगितलं, आणि आठवडाभरात गल्लीत पसरलं की देया तापाची नावं आरोग्य खात्याला कळवते, मग गाडी येऊन अख्खं घर उचलून नेते. आया दारात थांबून कुजबुजायच्या आणि ती बाहेर आली की गप्प व्हायच्या. ती त्यांच्याकडे बघायची, त्या तिच्याकडे. कोणी शिंकलं की सगळ्यांची डोकी एकदम तिकडे वळत. आणखी दोन मुलांना ताप आला तेव्हा डोरिस म्हणाली, "आमच्या घरात कोणालाच काही नाही. मग पोराला कुठून लागलं?"

सोमवारी दारात आठच मुलं आली. दहाच्या खाली महिनाभर राहिलं की पाटी काढून नेतात, हे देयानिराला माहीत होतं, आणि आयांनाही.

आता माझं सांगते. त्याआधी तीन आठवडे मी वहीत एक ओळ लिहिली होती: "दारातून बारा. अंगणात पेले तेरा." लापशी झाली की देयानिरा पेले धुऊन अंगणाच्या कट्ट्यावर पालथे घालायची, आणि वरून मला ते स्पष्ट दिसतात. दुसऱ्या दिवशीही तेरा. वेगळ्या ओळीत मी लिहिलं, "बाई यादीबाहेरचं एक मूल ठेवते आहे. का?" मला वाटलं, लपवते म्हणजे काहीतरी वाकडं असणार. मी ते लिहिलं आणि वही मिटली. शेजारणीला तोंडावर विचारण्यापेक्षा तिच्याविषयी लिहिणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

आठ मुलं आली त्या दिवशीही पेले मोजले. नऊ होते.

दुपारी मुलं गेल्यावर मी शाल आणि वही घेतली आणि जिना उतरले. अंगणात मला तिने लांबच्या बाकावर बसवलं, हातांवर अल्कोहोल ओतलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

"बोला, दोन्या क्लेमेंसिया. तुम्हीही नाव काढून घ्यायला आलात का? तुमचं तर पोरही नाही इथे."

"देयानिरा, नववा पेला कोणाचा?"

"कसला नववा?"

मी कट्ट्याकडे बोट केलं. तिने मोजले. मास्कखाली ओठ हललेले दिसत होते.

"चष्मा बदला. आठच आहेत, आणि एक आपल्या सालोमेचा."

"सालोमे येते कधी? मी तिला रांगेत कधी पाहिलं नाही."

"ती रांगेत कशाला येईल? मागाली बाजारात जाताना साडेपाचला मागच्या दाराने आणते. झोपलेली असते. माझ्या पलंगावर टाकते आणि जाते."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर खेळते सगळ्यांबरोबर. एमेलीला चिकटून झोपते, सोडतच नाही." ती हसली. "अहो, ती माझी नात आहे. ती काय पाळणाघरातलं मूल आहे का?"

मी वही उघडून ती पानं तिच्यासमोर धरली, लांबूनच. तिला माझं अक्षर वाचता येतं. तिच्या मागालीचे शाळेतले अर्ज मीच लिहिलेत.

तिने वाचलं. मग वहीकडे न बघता विचारलं, "तीन आठवडे?"

"हो."

"आणि तुम्हाला वाटलं मी चोरून पोर ठेवते."

"हो."

"बरं," ती म्हणाली. तो शब्द मला अजून बोचतो.

ती आत गेली. सालोमे तिच्या पलंगावर लोळत होती. देयानिराने मास्क काढला आणि सवयीने कपाळाला ओठ टेकवले; ते गरम होतं. मग बाहेर येऊन स्वयंपाकघरातल्या फळीवरून एक बाटली उतरवली. लाल औषध, स्ट्रॉबेरीचा वास. बाटली तिनेच गेल्या वर्षी आणलेली. झाकण चिकट होतं आणि औषध तळाला गेलं होतं.

संध्याकाळी मागाली आली ती मागच्याच दाराने.

"रडत होती गं आई, जरा अंग कोमट होतं. एक चमचा दिला. रोज नाही."

"किती दिवस?"

"बाजारात शेजारच्या बटाटेवालीला झालं तेव्हापासून. पण मला काहीच झालं नाही. आणि तूच ना म्हणायचीस, पोर कुरकुरलं तर फळीवर बाटली आहे?"

देयानिरा म्हणाली, "उद्या पुढून ये. रांगेत उभी राहा."

दुसऱ्या दिवशी सात वाजता आठ आया होत्या, आणि शेवटी मागाली. युलियाना पोरीशिवाय आली होती, नाव काढून घ्यायला, हातात कागद. देयानिराने सगळ्यांना थांबायला सांगितलं. मागालीला पुढे बोलावलं, सालोमेच्या कपाळावरचा टोपीचा काठ सरकवला आणि तापमापी मनगटावर नाही, कपाळावर धरली.

"अडतीस पूर्णांक चार," ती मोठ्याने म्हणाली. "ही माझी नात. महिनाभर मागच्या दाराने येते. हिला मी एकदाही मोजलं नाही, कारण ती माझी आहे. संस्थेला फोन केलाय. चौदा दिवस बंद. सगळ्यांनी तपासणी करून घ्या." मग युलियानाकडे वळून म्हणाली, "टूथपेस्टच होती."

युलियाना म्हणाली, "ते मी तेव्हाच सांगितलं होतं." कागद तिने दिला नाही, पण फाडलाही नाही. मागाली तोंड फिरवून उभी होती. डोरिसने आपल्या पोराला झटकन मागे ओढलं, जणू सालोमे उडी मारणार होती.

ते चौदा दिवस देयानिराने घर पुसण्यात घालवले. सालोमेला ताप चार दिवस राहिला. देयानिराला स्वतःला खोकला झाला, आणि तिने तो लपवला नाही. दहाव्या दिवशी तिने मागच्या दाराला आतून कपाट लावलं. ते मी ऐकलं, कारण कपाट जड होतं आणि ती एकटी होती.

पंधराव्या दिवशी सकाळी मी साडेसहापासून खिडकीत होते. पाचच आल्या, मग तीन, मग बराच वेळ कोणी नाही. सव्वासातला डोरिस आली, म्हणजे नऊ. मागाली रांगेत होती, पण देयानिराने सालोमेचं नाव यादीत घातलं नव्हतं. नात धरून दहा करणं तिला जमलं असतं, ते तिने केलं नाही. संस्थेच्या बाई उंबऱ्याशी यादीचा कागद घेऊन उभ्या होत्या.

साडेसातला युलियाना वळणावर दिसली, एमेलीला कडेवर घेऊन, सावकाश. दारात आली आणि पोर खाली ठेवण्याआधी हात पुढे केला.

"ते पिस्तूल द्या इकडे."

"कशाला?"

"आमच्या पोरांना मोजता. तुम्हाला कोण मोजतं?"

देयानिराने तापमापी दिली. मग वाकली, केस मागे केले आणि कपाळ पुढे धरलं. युलियानाने कळ दाबली, आकडा पाहिला, पुन्हा दाबली.

"छत्तीस पूर्णांक दोन," ती म्हणाली. "तोंड उघडा."

"अगं, आता तोंड कशाला?"

"वास बघायचाय."

संस्थेच्या बाईंनी यादीत दहावं नाव लिहिलं. त्या दिवसापासून रोज सकाळी पहिली येणारी आई देयानिराचा ताप मोजते. युलियाना शक्यतो पहिलीच येते, आणि अजूनही दोनदा मोजते.

दुपारी मी पेले मोजले. अकरा होते. सालोमेच्या पेल्यावर नावाची चिकटपट्टी लावलेली होती. मी ते वहीत लिहिलं, आणि मग जिना उतरून तिला सांगूनही आले.