मानेवरचा घाम

गेली सहा वर्षं आमच्या भागातल्या आरोग्य शिबिरांत मी एक हकिकत सांगत आलो. तिच्यातला मुख्य भाग खोटा होता. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. खोटं बोलल्याबद्दल कितीतरी पोरांना मी अंगठे धरून उभं केलं आहे. म्हणून खरं काय ते आता लिहून ठेवतो.

मला बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार आहे. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच समजावलं होतं की गोळी घेतली आणि जेवण लांबलं, तर रक्तातली साखर खाली जाते. हात थरथरतात, छाती धडधडते. अशा वेळी लगेच गोड खायचं. तसं दोन-तीनदा झालंही, आणि खिशातल्या गुळावर भागलं. पुढे छातीत दुखायला लागलं म्हणून नांदेडला गेलो. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठोके आणि रक्तदाब आवरणारी एक गुलाबी गोळी सुरू केली. दोन शहरं, दोन डॉक्टर, औषधांच्या दोन पिशव्या. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवावी असं मला कधी वाटलं नाही. शिकलेला माणूस होतो ना!

माझी बायको शाळेत गेलेली नाही. तिच्या माहेरी मेंढ्या-शेळ्याच. दुखणाईत जनावर ती हातानं ओळखते. कानाच्या मुळाशी बोटं लावते, पोटाखाली तळवा फिरवते आणि सांगते.

एका हिवाळ्यात आम्ही दोघं जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला दोन बोकड विकायला गेलो. साखरेची गोळी मी घरी घेतली होती. जेवण बाजारात करू म्हणालो आणि गिऱ्हाइकाच्या नादात दुपार कलली. मग मी तिच्यावर ओरडायला लागलो. कशावरून, ते आठवत नाही. वाक्य मात्र आठवतं. "जनावरांत राहून जनावर झालीस तू!" चारचौघांत म्हणालो.

तिनं माझा मफलर बाजूला सारून मानेवर तळवा ठेवला.

"अवं, घामानं निथळून राहिलात तुमी. एवढ्या थंडीत?"

"काही झालं न्हाई मला. हे हात बघ." मी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. जराही हलत नव्हते. "कापतेत का? सांग ना, कापतेत का?"

"हातावर नका जाऊ. बसा खाली."

तिनं चहावाल्याकडून साखरपाणी करून आणलं. मी पेला ढकलला. तेव्हा तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं, अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत घातला आणि शेळीला औषध पाजतात तसं घोट-घोट पाजलं. लोक जमले होतेच, त्यांत आमच्या गावचेही बरेच.

"मामी, मास्तरला जंताचं औषध देऊन राहिल्या काय?" एक व्यापारी ओरडला.

"व्हय," ती म्हणाली, "आन तुजा नंबर ह्यांच्या मागून."

पंधरा-वीस मिनिटांत मी माणसात आलो.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाताना दोन्ही पिशव्या तिनंच घेतल्या. एसटीत मला म्हणाली, "ही गुलाबी आल्यापासून तुमचं कापणं बंद झालं बघा. पहिले साखर उतरली की हात कापायचे. आता नुसता घाम. डॉक्टरला बराबर सांगा."

मी सांगितलं. डॉक्टरांनी गुलाबी गोळीचं नाव वाचलं आणि ते सावरून बसले. साखर घसरली की शरीर ॲड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते म्हणाले. थरथर आणि धडधड त्याचीच. यकृतात साठवलेली साखर बाहेर काढायला तेच मदत करतं. ही गोळी त्याचा निरोप पोचू देत नाही. मग इशारेही दबतात आणि खाली गेलेली साखर वर यायला वेळ लागतो. घाम वेगळ्या नसांच्या वाटेनं येतो, म्हणून तेवढा उरतो.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," मी म्हणालो.

ती शेजारी उभी होती. पिशवीचे बंद बांधत राहिली.

गुलाबी गोळी आपल्या मनानं एकदम सोडायची नाही, हृदयाला धोका होतो, असं डॉक्टरांनी बजावलं. नांदेडच्या डॉक्टरांशी ते फोनवर बोलले. मग त्याच जातीची पण हा त्रास कमी असलेली दुसरी गोळी ठरली, साखरेच्या गोळीचं प्रमाणही कमी झालं. आणि असा जाणता रुग्ण लोकांपुढे यावा म्हणून मला शिबिरांत बोलवायला लागले. मी रंगवून सांगायचो: मीच घाम ओळखला, मीच साखरपाणी मागितलं. ती मागे बायकांत बसून ऐकायची. घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढायची नाही. तेच मला जास्त लागायचं.

गेल्या महिन्यात आमच्याच गावात शिबिर होतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं, ते जनावराचं वाक्यसुद्धा. वाटलं होतं, लोक अवाक होतील. कुणी झालं नाही. बाजारातला तोच व्यापारी उठला.

"मास्तर, आमी समद्यांनी डोळ्यांनी पाहिलं व्हतं की! मामीच म्हणाल्या, मास्तरची इज्जत ऱ्हाऊ द्या, कोणी बोलू नका."

सहा वर्षं ही माणसं माझं खोटं गुपचूप ऐकत होती, तिच्या शब्दाखातर. त्याहून मोठी गोष्ट तिथंच बायकांकडून कळली. बायका आपापल्या म्हाताऱ्यांना तिच्याकडे आणत होत्या आणि कुणाची मान कशी बघायची, ते ती माझ्याच अंगणात, मी पेपर वाचत असताना शिकवत होती.

शिबिराच्या तरुण डॉक्टर बाईंनी तिला पुढे बोलावलं.

"मला कुठं भाषण येतंय?" ती म्हणाली. पण आली. पदर खोचला, एका आजोबांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या मानेवर हात ठेवला.

"साखरेची आन ठोक्याची, दोन्ही गोळ्या ज्यांना हायत, त्यांचे हात बघत बसू नका. इथं हात लावा. ओली लागली का गोड द्या, बोंबलला तरी द्या. जागा असंल आन गिळत असंल तरच बरं का. न्हाई तर दवाखाना. आन दोन डॉक्टर असले तर दोघांलाबी दोन्ही पिशव्या दावा."

डॉक्टर बाई लिहून घेत होत्या.

मी खाली सतरंजीवर बसलो होतो. हट्टा गावाहून आलेल्या एका अनोळखी माणसानं मला कोपरानं डिवचून विचारलं, "ह्या मोठ्या डॉक्टरीण हायत का?"

"न्हाई," मी म्हणालो. "आमच्या घरच्या हायत." आणि त्याला नीट दिसावं म्हणून थोडा बाजूला सरकलो.