मुठीचा तांदूळ

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत अचलपूरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब भाड्यानं राहायला आलं. नवरा ड्रायव्हर. राजधानी झाली म्हणजे साहेब वाढणार आणि साहेब वाढले म्हणजे गाड्या वाढणार, असा त्याचा सरळ हिशेब. बायको माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणे, आणि मी घरमालकाची सून म्हणून ती मला वहिनी. शाळेत जाणारी एक मुलगी होती.

दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला खोड आहे. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या मोरीसमोर यायची, त्यामुळे माझी भांडी जरा सावकाशच घासली जात. मी पाहिलं, तांदूळ धुवायच्या आधी ती दरवेळी त्यातली एक मूठ काढते आणि फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. न राहवून विचारलंच. ती म्हणाली, हा देवाचा. रविवारी सगळ्या बाया आपापले डबे चर्चमध्ये नेतात, आणि ज्याची चूल अडली असेल त्याच्या घरी तो तांदूळ जातो.

जेवायच्या आधी तिघं डोळे मिटून देवाकडे अन्न मागत, तेही फक्त आजचं. मला याचं भारी नवल वाटे. आमच्याकडे सासूबाई उन्हाळ्यातच वर्षाचं धान्य भरून मोकळ्या होत. दुबराज तांदळात कडुनिंबाचा पाला, कोठ्यांच्या तोंडाला फडकी. देवाकडे आम्ही नोकरी मागायचो, तब्येत मागायचो. भातासारख्या गोष्टीसाठी त्याला त्रास द्यायचा असतो, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग गाडीच्या मालकानं गाडी विकली आणि ताईच्या नवऱ्याचं काम गेलं. तो दिवसभर पंडरी बाजारातल्या दुकानांतून काम विचारत फिरे आणि उतरल्या तोंडानं परते. खिडकीतून मला दिसत होतं, ताईची मूठ लहान झाली होती, पण डब्यात पडत होती.

एका शनिवारी तिनं तांदळाचं पिंप पालथं करून ठोकलं. काही पडलं नाही. मी पातेलंभर दुबराज घेऊन गेले. तिनं मला बिनदुधाचा चहा दिला आणि पातेलं तसंच परत केलं. "राहू द्या वहिनी. देव पाहून राहिला न."

मग फळीवरचा तरी शिजव, मी म्हटलं. तो आपला नाही, ती म्हणाली.

मला रागच आला. भरल्या घरची मी समोर उभी, आणि ही माझ्या डोक्यावरून वर पाहते! संध्याकाळी मुलीला मी आमच्याकडे जेवायला बसवलं, तेवढं तिनं चालू दिलं. नवराबायको पाणी पिऊन राहिले असावेत.

रविवारी ती डबा घेऊन चर्चला गेली. माझं कशातच लक्ष लागेना. तिचा देव आता काय करतो, याची मला तिच्यापेक्षा जास्त उत्सुकता होती. दुपारी तिघं परतली तेव्हा नवऱ्याच्या खांद्यावर पिशवी होती. त्या आठवड्याचा सगळ्यांच्या मुठींचा तांदूळ त्यांनाच मिळाला होता.

तिनं तो सुपात ओतला तेव्हा मी शेजारीच होते. जाडा, बारीक, उसना म्हणजे उकडा, एखादा वासाचा, सगळ्या घरांचा तांदूळ एकात. मी तोंड वाकडं केलं. हा एकसारखा शिजायचा नाही, म्हटलं, आमच्याशी बदलून घे. ती नुसती हसली आणि त्यातली पहिली मूठ रिकाम्या डब्यात टाकली. मी घरी आले.

थोड्या वेळानं ती आमच्या दारात उभी राहिली, हातात वाटी.

"वहिनी, थोडं वरण द्याल?"

काल घरपोच आणलेला तांदूळ परत करणारी ही! चिडवायची संधी मी थोडीच सोडते. तिच्याच बोलीत म्हटलं, "काहून, देवाले नाही मागितलं?"

"मागितलं न. म्हणूनच तुमच्या दारात आली," ती म्हणाली. मग वाटीकडे पाहत हळूच म्हणाली, "काल मले लाज वाटली, वहिनी. मूठ टाकाची सवय होती, घ्याची नव्हती. आज साऱ्यांसमोर पिशवी घेतली, अन् रडली. आता लाज सरली."

मी तिची वाटी बाजूला ठेवली आणि वरणाचं पातेलंच उचललं. आतून सासूबाई म्हणाल्या, "तूप पण ने." त्या सगळं ऐकत होत्या.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवले. डोळे मिटून ते मागत होते तेव्हा मीही मिटले, मधे एकदा उघडून पाहिलं. भात निम्मा गिच्च झाला होता, निम्मा दाताखाली कचकचत होता. मी दोनदा मागून घेतला.