लेबलांच्या घरातली सारवलेली जमीन

आमच्या वस्तीत नोवेथूएवढी आगाऊ बाई दुसरी नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. तुमच्या घरी पहिल्यांदा चहाला आली तरी कप हातात घ्यायच्या आधी भिंतीकडे बघणार आणि म्हणणार, "सिसी नोपिंकी, ही भिंत कोणी चिकटवली? नवऱ्याने? वाटलंच." मला सिसी, म्हणजे ताई, म्हणत माझ्या घरात ती असं बोलली तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी माझी विकायची भजी तळायची कढई उतरवून ठेवली आणि भिंत नव्याने चिकटवायला तिलाच बोलावलं.

केप टाउनच्या या वाळूत आम्ही सगळे पत्र्याच्या खोल्यांत राहतो. पत्रा हिवाळ्यात गारठतो, उन्हाळ्यात तापतो आणि वारा सुटला की रात्रभर बडबडतो. त्याला आतून आधी पुठ्ठा मारायचा आणि पुठ्ठ्यावर कागद. कागद म्हणजे छापखान्यात रंग बिघडला म्हणून टाकून दिलेली डब्यांची लेबलं. लांबच्या लांब ताव मिळतात, एकावर शंभर पीच नाहीतर शंभर मासे. इतर लोक ते कसेही लावतात. नोवेथू मात्र ताव जमिनीवर पसरून आधी तासभर बघत बसते. मग मैद्याची खळ शिजवते, उंदीर लागू नयेत म्हणून त्यात थोडं फिनेल घालते, आणि असा कागद लावते की एका तावावरचा अर्धा पीच दुसऱ्या तावावरच्या अर्ध्याला बरोबर जाऊन भेटतो. सांधा शोधून दाखवा म्हणते ती, आणि खरंच सापडत नाही. एखादा मासा तिरका बसला तर अख्खा ताव ओला करून सोलून काढते. शेजारणी हसतात. मीही हसायचे, पण माझ्या घरी ती आली त्यानंतर मी हसणं बंद केलं.

तिचं स्वतःचं घर बघाल तर टाकाऊ म्हणून काही उरतच नाही. ब्रेडच्या पिशव्या कापून क्रोशाने विणलेली चटई, संत्र्यांच्या जाळीचे पडदे, बाटल्यांच्या बुडांची फुलं, दुधाच्या क्रेटवर फळी टाकून केलेलं टेबल. पलंग विटांवर चढवलाय आणि खाली पडदा लावून कपडे ठेवायची जागा केली आहे. हे सगळं ती कोणालाही शिकवते, फक्त शिकवताना अपमान करते. "तुझी बोटं आहेत की मेणबत्त्या?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

मागच्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण बुलेल्वा गेली. बुलेल्वाची मुलगी ओनेला तेव्हा आठ वर्षांची होती. बाप लांब खाणीत कामाला, तिकडे त्याने दुसरा संसार मांडलेला. नोवेथूला स्वतःचं मूल नाही. ओनेला तिच्याकडे आली आणि पहिले काही आठवडे भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग एक दिवस तिने विचारलं, "मावशी, या माशाला डोळा का नाही?" त्या तावावर काळा रंग छापायचाच राहिला होता. नोवेथूने तिच्या हातात कोळसा दिला. पोरीने पलंगाजवळच्या सगळ्या माशांना डोळे काढले. इतक्या वेडेवाकड्या डोळ्यांवरून नोवेथू एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मला कळलं की पोरगी आता हिच्या जिवाचा तुकडा झाली.

पण आमच्या रीतीप्रमाणे नवऱ्याकडच्यांनी गुरं देऊन लग्न झालं असेल तर मूल बापाच्या घराण्याचं. बुलेल्वासाठीची गुरं तिच्या माहेरी पूर्ण पोचली होती. म्हणून एंगकोबोकडच्या डोंगरातून ओनेलाच्या बापाकडच्या आजीचा निरोप आला. आजीला कुळाच्या नावाने सगळे माराडेबे म्हणतात. निरोप असा होता: शनिवारी येते. पोर राहते ते घर आहे का ते बघते. नसेल तर रविवारच्या बसने तिला घेऊन जाते.

मी ऐकलं आणि तडक तिच्याकडे गेले. "नोवेथू, सगळ्या भिंती नव्याने कर," मी म्हटलं. "पीचवाले ताव लाव, लग्नघरासारखं दिसू दे."

"भिंती बघायला म्हातारी इतक्या लांबची बस करून येणार नाही," ती म्हणाली. "ती खाली बघणार."

खाली प्लास्टिकचा गालिचा होता, चांगला लाकडी पट्ट्यांच्या नक्षीचा. दारासमोरच्या भिंतीलगत, जिथे गावाकडच्या गोल घरात पूर्वजांची जागा असते, तिथला गालिचा नोवेथूने कापून काढला. बांधकामावरून चिकणमाती आणली, वाळूवर घातली, पाणी शिंपडून चोपून काढली. कालव्याकाठी ताता म्झिमासी गाई राखतो, त्याच्याकडून शेणाची बादली मी डोक्यावरून आणली. म्हाताऱ्याने विचारलं, "आता शहरात शेणही विकायला काढलं का ग?" मी म्हटलं, "नाही ताता, शहाणपण विकायला काढलंय, घेता का?"

शुक्रवारी दुपारी नोवेथूने सारवलं. आणि काय सांगू, इतकं गचाळ सारवण मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. एकीकडे शेणाचा ढीग, दुसरीकडे माती उघडी. बोटांचे फराटे जिकडे फुटेल तिकडे. भिंतीच्या कडेला तर हात पोचलाच नव्हता.

"हे काय आहे? माझ्या आईने हे बघितलं असतं तर खराटा फेकून मारला असता," मी म्हटलं. "सरक, मी करते."

"हात लावू नकोस."

"अगं, तिरका मासा सोलून काढणारी बाई तू! पोर जाईल हातची!"

"सिसी, तू भजी तळ," ती म्हणाली आणि उरलेल्या शेणाच्या बादलीवर ओलं पोतं टाकून ती दारामागे ठेवली. मला इतका राग आला की मी खरंच भजी तळायला निघून गेले.

शनिवारी माराडेबे आली. ठेंगणी, डोक्याला काळा रुमाल, हातात काठी, पण काठीवर भार नाही. दारातच उभी राहिली. ओनेला नोवेथूच्या मागे लपली. म्हातारीने भिंतींवरून एकवार नजर फिरवली.

"हे घर आहे की दुकान?"

"घर आहे, माखुलु. या, बसा," नोवेथू म्हणाली. माखुलु म्हणजे आजी.

"भिंतभर मासळी. आणि पातेल्यात काय आहे?"

"मक्याच्या कण्या आणि घेवडा. भिंतीवरची मासळी पाहुण्यांसाठी आहे, ती कितीही पाहुणे आले तरी संपत नाही."

मी ओठ चावला. म्हातारी हसली नाही. "जीभ आहे तुला. माझ्या सुनेलाही होती," ती म्हणाली आणि आत आली. मग तिची नजर समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी गेली आणि तिथेच थांबली.

"हे कोणी केलं?"

"मी, माखुलु."

"हे? इथे आमची गेलेली माणसं येऊन बसायची? ओनेलाची आई या खड्ड्यात बसायची?" म्हातारी वाकली, बोटाने एक ढेकूळ उचकटलं आणि माझ्यासमोर धरलं, जणू मीच केलंय. "तुला कोणी शिकवलं नाही का ग?"

"शहरात हाताची सवय मोडली, माखुलु," नोवेथू खाली मान घालून म्हणाली. तिची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"शेण उरलंय?"

"दारामागे बादली आहे."

म्हातारीने काठी भिंतीला टेकवली. शाल काढून माझ्या हातात दिली, मी खुंटी असल्यासारखी. बाह्या वर केल्या आणि गुडघ्यांवर बसली. मी नोवेथूकडे बघितलं. नोवेथू एकदम किटलीत फार रस घ्यायला लागली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

म्हातारीने ढेकळं खरवडून काढली, पाणी मारलं, नव्याने शेण कालवलं आणि भिंतीच्या कडेपासून सुरुवात केली. तळवा अर्धगोल फिरवत ती मागे मागे सरकत होती. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला अचूक येऊन मिळत होता. ओनेला नोवेथूच्या मागून हळूहळू बाहेर आली. थोड्या वेळाने ती आजीच्या शेजारी ओणवी झाली होती.

"बोटं सैल सोड," म्हातारी तिला म्हणाली. "मारायचं नाही, झोपवायचं. तुझ्या आईला पण मीच सांगायचे."

"आईला येत होतं?"

"तुझ्या आईला फार सुंदर येत होतं."

यावर ओनेला रडायला लागली. आई गेल्यापासून ती कोणासमोर रडली नव्हती. म्हातारीने शेणाचे हात बाजूला धरून कोपरांनी तिला जवळ ओढलं आणि त्या दोघी तिथेच ओल्या जमिनीकडे बघत बसल्या. मी डोळे कोणाच्या तरी शालीला पुसले, ती शाल माराडेबेची होती.

मग सगळ्यांनी हात धुऊन जेवायला घेतलं. कण्या संपल्या, चहा झाला. मग माराडेबे माझ्याकडे बघून म्हणाली, कारण अशा गोष्टी तिसऱ्या माणसाला सांगायच्या असतात: "जिथली जमीन मी सारवली ते घर नाही असं मी म्हणू शकत नाही. पोर इथे राहील. डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली की माझ्याकडे येईल, तिचे हात मी तयार करीन. नाहीतर ही तिला कागदच चिकटवायला शिकवेल."

नोवेथूने दोन्ही हातांनी टाळी वाजवून आभार मानले. मी तर नाचलेच असते, पण माझं वय बघून थांबले.

रविवारी आम्ही तिला बसपाशी सोडायला गेलो. ओनेला तिची पिशवी घेऊन पुढे चालली होती. म्हातारी थांबली आणि नोवेथूकडे वळली.

"बुलेल्वाच्या लग्नाला मी तुमच्या घरी आले होते. पाहुणे यायच्या आधी तू मागची खोली सारवत होतीस. दारातून बघत उभी होते मी बराच वेळ. मी मनात म्हटलं होतं, ही मोठी का नाही मागितली आपण?"

नोवेथू दोन पावलं पुढे आली.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "मग तुम्ही बाह्या वर का केल्या?"

"तुला स्वतःच्या हाताचा किती तोरा आहे ते दारातल्या पहिल्याच भिंतीवर दिसलं मला. सांधा शोधला मी, सापडला नाही." म्हातारीने काठी उचलून तिच्या बोटांवर हलकेच टेकवली. "आणि त्या हातांनी तू माझ्यासमोर घाण करून दाखवलीस. शिव्या खाल्ल्यास. पोरीसाठी. यापेक्षा जास्त मला काय बघायचं होतं?"

मग ती बसमध्ये चढली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली. बस सुटेपर्यंत नोवेथू रस्त्यात उभी राहून हमसून हमसून रडत होती, आणि ओनेला तिचा हात धरून आजीला टाटा करत होती.