मुहूर्ताचा राउटर

पंचवटीतल्या एका छोट्या हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळते. वडील पडले, त्यांचं खुब्याचं ऑपरेशन तिथंच झालं. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, एकट्यानं उठायचं नाही, पुन्हा पडलात तर चालणं विसरा. वडील मनमाडला रेल्वेत होते. मदत मागायची म्हटली की त्यांच्या जिवावर येतं. म्हणून मी त्यांच्याकडून वचनच घेतलं, की काही लागलं तर उशाजवळचा फोन उचलून शून्य दाबायचं, सिस्टर येतील. खोल्याखोल्यांतले ते नेटवर्कवर चालणारे फोन मीच बसवले होते.

दसऱ्याच्या सकाळी मी डबा करायला घरी आले. भाजी फोडणीला टाकली आणि त्यांच्या खोलीत फोन लावला. लागेना. रिसेप्शनचाही लागेना. मॅनेजरला मोबाईलवर गाठलं, तर स्वारी खुशीत.

"मॅडम, आज मुहूर्तावर नवा राउटर बसवला. पूजापण झाली. नेट एकदम सुसाट."

"आणि फोन?"

"फोनला काय झालंय?"

माझं डोकंच फिरलं. राउटर प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता देतो. तेवढ्यावर कॉम्प्युटरचं भागतं, फोनचं भागत नाही. त्यांचं एक्स्चेंज कुठं आहे, हेही राउटरनंच त्यांना सांगायचं असतं. ते डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेटिंगच्या, जादा ऑप्शनमध्ये हातानं भरावं लागतं. नव्या राउटरमध्ये ते कोण भरणार, झेंडूचा हार? मला एक फोन करायला काय झालं होतं यांना? पण सणाला नवी वस्तू वापरायला काढायची म्हणजे काढायची.

"आधी माझ्या वडिलांना बघून या," मी म्हटलं. तो हो हो म्हणाला, पण त्या हो हो वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

गॅस बंद केला, स्कूटर काढली. रविवार कारंजावर फुलवाल्यांची ही गर्दी. प्रत्येक पाटीपाशी थांबताना मला एकच दिसत होतं, वडील शून्य दाबतायत, कुणी येत नाही, आणि शेवटी कंटाळून ते पाय खाली सोडतायत.

दारातच सिस्टर भेटल्या. "बाबा झोपलेत, मगाशीच बघून आले," त्या म्हणाल्या. जरा जीव भांड्यात पडला. मग वाटलं, तिन्ही मजल्यांवरचे पेशंट मुक्या फोनवर शून्य दाबत असतील. आधी हे निस्तरू. जिन्याखालच्या कपाटात राउटर होता, कुंकवानं माखलेला. लॅपटॉप जोडला. ऑप्शन सहासष्ट, समोर एक्स्चेंजचा पत्ता. घाईत आकडे दोनदा चुकले. सेव्ह केलं, सगळे फोन तिथूनच बंद करून पुन्हा चालू केले. ते उठायला वेळ घेतात. मॅनेजर पेढा घेऊन शेजारी उभा होता. त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

रिसेप्शनचा फोन जागा झाला. मी लगेच वडिलांची खोली लावली. रिंग जात होती. उचलत कुणी नव्हतं. पुन्हा लावला, तेच. रिसीव्हर तसाच टाकून मी जिना चढले.

वडील पडले नव्हते. पलंगावर होते तसेच होते, तोंड भिंतीकडे. फोन छातीशी धरलेला. खालची चादर ओली होती.

"बाबा, फोन वाजत होता. उचलला का नाही?"

"आता उचलून काय उपयोग," ते म्हणाले. "मगाशी दाबला, तेव्हा लागत नव्हता."

"मग हाक मारायची. वॉर्डातल्या मावशी बाहेरच तर बसल्यात."

मी चादर ओढायला लागले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"हाक मारली असती," ते म्हणाले, "पण मग सगळ्यांना कळलं असतं, तुझे फोन चालत नाहीत म्हणून."