खूण काढू नये

हिंदीच्या सरांनी पुस्तक माझ्या हातातून ओढलं तेव्हा मी एकशे बाराव्या पानावर होते. नदीला पूर आलेला. पुरात एक होडी. होडीत एक पोरगी आणि तिचा आंधळा आजा. काठाला बांधलेला दोर नुकताच तुटला होता.

"आण इकडं," सर म्हणाले. "पाहुणे आलेत."

मला वाटलं माझंच काही चुकलं. शनिवारचा वाचनाचा तास होता, वाचायलाच सांगितलं होतं. सरांनी पुस्तकावरचं खाकी कव्हर फाडून काढलं. ते मी घातलं होतं, जुन्या वहीचं, कोपरे दुमडून, पुस्तक मळू नये म्हणून. कव्हराखालून पुस्तक कोरं करकरीत निघालं. सर खूश झाले. "हे चालतंय," म्हणाले आणि पळाले. कव्हर माझ्या पायाशी पडून राहिलं.

मी आठवीत होते. देवगाव रंगारीच्या पुढं आमची वस्ती, तिथून तासभर चाललं की शाळा. घरात मेंढरं. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट. त्याची किल्ली हिंदीच्या सरांकडं असायची, म्हणून त्यांना आम्ही कपाटवाले सर म्हणायचो. त्या वर्षी संस्थेनं फर्मान काढलं होतं. पाहुण्यांना हार नको, गुच्छ नको, पुस्तक द्यायचं. पोरांपुढं आदर्श ठेवायचा. लई कौतुक झालं त्याचं. पुस्तकं कुठून आणायची हे फर्मानात नव्हतं, म्हणून सरांनी ती आमच्या कपाटातून काढली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

त्या दिवशी पाच पाहुणे यायचे होते. पाच पुस्तकं पुसून ठेवलेली होती. ऐनवेळी संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीतून त्यांचे व्याही उतरले. सहावं पुस्तक माझं निघालं.

आम्हाला मैदानात बसवलं. व्याह्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात पुस्तक पडलं. टाळ्या वाजवा म्हणाले, मी वाजवल्या. मग चहा आला. त्यांनी बशी पुस्तकावर ठेवली. अध्यक्ष माइकवरून सांगत होते की आजकालची पोरं वाचत नाहीत. मी त्या बशीकडं बघत बसले होते.

कार्यक्रम संपला, पाहुणे गाडीकडं निघाले, आणि मी पळत गेले. मला एवढंच कळत होतं की ती गाडी गेली की होडीही गेली.

"साहेब," मी म्हणाले, "तुमचं वाचून झालं की परत द्याल का? माझी थोडीच पानं ऱ्हायलीत."

व्याही थांबले. अध्यक्षांचं तोंड उतरलं. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मेंढरंवाल्याची, साहेब," कपाटवाले सर म्हणाले.

व्याही हसले. माणूस वाईट नसावा, त्याला नुसती गंमत वाटली. "मेंढरांना वाचून दाखवती काय गं?"

सगळे हसले. माझ्या बाकावर बसणाऱ्या पोरीही हसल्या. व्याह्यांनी पुस्तक ड्रायव्हरकडं दिलं, त्यानं ते पुढच्या काचेपाशी टाकलं. गाडी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. मेंढरांपाशीच वाचायचे मी. दिवेलागणीला मेंढरं जाळीत कोंडली की बा शेजारी येऊन बसायचा, बिडी न पेटवता, आणि म्हणायचा, "हं, वाच म्होरं." बाला अक्षर येत नाही. रोज पाच-सहा पानं. एकशे बारापैकी शंभर तरी त्यानं ऐकली होती.

सोमवारी बाला शाळेत बोलावलं. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून तो आला. चपला ऑफिसबाहेर काढल्या आणि आत भिंतीला चिकटून उभा राहिला. खुर्ची रिकामी होती. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

"तुमच्या पोरीनं पाहुण्यापुढं हात पसरला," हेडसर म्हणाले. "शाळेची अब्रू घालवली."

"वाचत-बिचत काही नव्हती ही," कपाटवाले सर म्हणाले. "नुसतं धरून बसली होती, मिरवायला. खरं का नाही गं?"

मी दाराबाहेरच्या बाच्या चपलांकडं बघत राहिले.

"बोल. नाहीतर दाखला देतो हातात," हेडसर म्हणाले.

त्यांना माझ्या तोंडून काय हवं होतं ते आज कळतं. मी वाचत होते असं ठरलं, तर वाचणाऱ्या पोरीच्या हातातून पुस्तक ओढलं असंही ठरलं असतं. तेव्हा एवढंच कळत होतं की दाखला हातात आला की शाळा संपली.

"व्हय सर," मी म्हणाले. "वाचत नव्हते. नुसतं धरलं व्हतं."

बानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग हात जोडले. "लेकरू हाय साहेब. चुकलं."

वाटेनं तो पुढं, मी मागं. ओढा आला तेव्हा मागं न बघताच त्यानं विचारलं, "मंग त्या होडीचं काय झालं गं?"

"बुडाली," मी म्हणाले.

"अन् ती पोरगी?"

"ती बी."

"अरारा," बा म्हणाला आणि चालत राहिला.

त्या हसण्याची लाज मला आता वाटत नाही. ती हसणाऱ्यांना वाटावी. मला लाज वाटते ती या दोन खोट्यांची. एक ऑफिसातलं आणि एक ओढ्यापाशी. पहिलं भीतीनं बोलले. दुसरं का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्याकडून जे गेलं ते त्याच्याकडूनही जावं, असं काहीतरी वाटलं असेल. बानं पुन्हा कधी "वाच म्होरं" म्हटलं नाही. मीही कपाटातलं पुस्तक घेतलं नाही. पाठ्यपुस्तकं घोकली, मार्क मिळवले, बीएड केलं.

आता मी पडेगावला राहते आणि शहरातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. आणि हसू नका, मी पोरांना वाचनाची गोडी लावते. तसं पत्रिकेत छापतात, खाली माझं नाव, प्रमुख मार्गदर्शक. गावोगावच्या शाळा बोलावतात, मी जाते. मेंढरांच्या जाळीपाशी बसून कशी वाचायचे ते रंगवून सांगते. टाळ्या पडतात. व्याह्यांपाशी आले की गोष्ट दुसरीकडं वळवते, कारण तिथं टाळ्या पडत नाहीत. शेवटी मला चकचकीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक मिळतं. घरी आणून ते मी कपाटाच्या डोक्यावर ठेवते. उघडत नाही.

एवढ्यावर भागत नाही. आमच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे. पाहुणे यायचे असले की मोठ्या बाई सांगतात, "चांगली दिसणारी काढून ठेवा." मी काढायचे. सहा वर्षं काढत आले. कोरी दिसतात ती कुणी वाचत नसणार, अशी मनाची समजूत घालायचे. जपून वाचणारं पोर पुस्तक कोरंच ठेवतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी काढायचे.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत घरची ती थप्पी माझ्या अंगावर कोसळली. एका पुस्तकाचा कागद फाटला. आत मधोमध वहीच्या पानाची घडी होती. निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, 'खूण काढू नये. वाचत आहे. अश्विनी, नववी ब.'

मी स्टुलावरून उतरले आणि फरशीवर बसले. पुस्तकाच्या कडांवर काढलेल्या कव्हराच्या घड्या दिसत होत्या. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का, त्यावर नुसती एक रेघ मारलेली. गंगापूरच्या बाजूची शाळा. पावसाळ्यात मी तिथं बोलून आले होते. हे पुस्तक घेऊन मंचावर कोण पोरगी आली होती, मला आठवेना. तेव्हा मी फोटोवाल्याकडं बघत होते. चार महिने अश्विनी त्या पानावर अडकून पडली होती, आणि तिचं पुस्तक माझ्या घरी धूळ खात होतं.

सुट्टी संपल्यावर एसटीनं गंगापूरला गेले, तिथून काळी-पिवळीत बसून त्या गावी. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे अश्विनीचं आहे, तिला द्या.

"मॅडम, पाहुण्याला दिलेलं परत घेणं बरं दिसत नाही," ते म्हणाले.

मी हटले नाही. शेवटी तिला बोलावलं. दोन वेण्या, चपला दाराबाहेर काढलेल्या. तिनं पुस्तकाकडं पाहिलं, मग सरांकडं, मग खाली.

"ही चिठ्ठी तुझी ना?"

"माझी नाय मॅडम."

"नाव तर तुझंच आहे."

"दुसरी असंल कुणी."

"तू वाचत नव्हतीस हे?"

"नाय. आमाला कुठं वेळ ऱ्हातो."

सर माझ्याकडं बघून हसले. "हल्लीच्या पोरांना वाचनाची गोडीच नाही, मॅडम. तुम्हीच तर बोलला होता त्यावर."

बोलले होते. त्याच शाळेत, त्याच पोरीपुढं, तिचं पुस्तक घेण्याच्या पाच मिनिटं आधी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जमीन काही दुभंगली नाही. मग मी उभी राहिले.

"ती वाचत व्हती," मी म्हणाले. "तुमी वढून घेतलं. अन् मी बी वाचत व्हते."

शेवटच्या वाक्याचा सरांना अर्थ लागला नाही. त्यांच्यासाठी ते नव्हतंच. वीस वर्षं तोंडात अडकलेलं वाक्य भलत्याच ऑफिसात निघालं, आणि ऐकायला ना कपाटवाले सर होते ना बा. अश्विनीनं मान वर केली नाही. पुस्तक तिच्या हातात कोंबलं असतं तर माझ्यामागं तिचा आणखी तमाशा झाला असता, म्हणून टेबलावर ठेवून आले. सर फोनवर म्हणतात, "दिलं, दिलं." माझा विश्वास नाही. मी पुन्हा जाणार आहे.

येताना शहरात औरंगपुऱ्यात, पुस्तकांच्या दुकानांपाशी उतरले. होडीचं पुस्तक तिसऱ्या दुकानात मिळालं. दुकानाच्या पायरीवरच एकशे बारावं पान काढलं. होडी बुडालीच नव्हती. बाभळीला अडकली होती. पोरगी आणि आजा, दोघंही वाचले होते.

रविवारी गावाकडं गेले. बाच्याकडं आता मेंढरं नाहीत, गुडघे गेलेत. ओट्यावर बसून त्याला उरलेली पानं वाचून दाखवली. त्यानं सगळी ऐकली.

"मंग इतकी वर्सं मला खोटंच सांगितलं व्हय गं?"

"व्हय बा."

"त्या लेकरापायी लई जीव जाळला म्या," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. त्यानं मला माफ केलं असं मी इथं लिहिणार नाही. त्यानं केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत कार्यक्रम होता. मोठ्या बाईंचा निरोप आला, सहा पुस्तकं. मी त्यांच्याकडं गेले आणि सांगितलं, "मिळणार नाहीत."

"मग पाहुण्यांना काय द्यायचं?"

"नारळ द्या. नारळ कुणाचा अर्धा वाचायचा राहिलेला नसतो."

त्यांना ते उद्धट वाटलं. होतंच. दुसऱ्या दिवशी कागद आला. शाळेच्या मालमत्तेबाबत अडवणूक, तीन दिवसांत लेखी कारण द्यावे. खाली आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची सही. संस्था वेगळी, अध्यक्ष वेगळे, पण मला ऑफिसातली ती रिकामी खुर्ची आठवली. माझी नोकरी कायम नाही. हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

हे ते लेखी कारण. माझी दोन्ही खोटी यात धरली आहेत. सहा वर्षं काढून दिलेली पुस्तकंही धरली आहेत. यातला एक शब्द मी मागं घेणार नाही, आणि वाचत नव्हते असं तर आता कुणाच्याही पुढं म्हणणार नाही.

खाली एवढंच जोडते. कपाटाला आता कुलूप नाही आणि कपाटात पुस्तकंही नाहीत. ती मी पोरांच्या दप्तरात घालून घरी पाठवली, माझ्याकडच्या थप्पीसकट. कुणाकडं कोणतं आहे ते मला माहीत आहे, ते मी सांगणार नाही. पाहुण्याला पुस्तक द्यायचंच असेल, तर अध्यक्षांनी स्वतः वर्गात यावं, त्या पोरापुढं उभं राहावं आणि विचारावं, बाळा, तुझी किती पानं राहिलीत? आणि पोर म्हणालं की अजून राहिलीत, तर हात हलवत परत जावं.