लॅग्याला दुसरं नाव

दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. सकाळचं दूध टेम्पोत चढलं की संध्याकाळच्या दुधापर्यंत माणसं रिकामी, आणि रिकामी माणसं एका जागी बसली की दुधावर साय धरावी तसे किस्से धरतात. सोनईजवळच्या आमच्या केंद्रावरचे निम्मे किस्से आम्ही कुणालाही हसत सांगतो. उरलेले निम्मे एका बोक्याचे आहेत. ते सांगताना खाली बघावं लागतं, पण सांगतो.

मी वजनकाट्यावर, दत्ता फॅट मशीनवर आणि फिरोज टेम्पोवर. तिघंही तिशीला टेकलेले. दुपारी मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळायचो. त्याला चौघांचा स्क्वॉड लागतो. आमचा चौथा महादू. दोन गाईंचं दूध घालायला यायचा आणि आमच्यात बसायचा.

*

महादूचा फोन म्हणजे चुलत्यानं टाकून दिलेला, काच तडकलेली. ऐन मारामारीत त्याचा गडी झाडाकडे तोंड करून उभा राहायचा तो राहायचाच. गेमच्या भाषेत याला लॅग म्हणतात. दत्तानं लगेच त्याचं बारसं करून टाकलं, लॅग्या!

आणि गंमत अशी, की आमच्यातला कुणी गोळी लागून पडला की रिव्हाइव्ह करायला, म्हणजे पुन्हा उठवायला, सगळ्यात आधी हाच धावायचा. अर्ध्या वाटेत अडकायचा आणि स्वतः मरायचा.

"लॅग्या, तू नको येत जाऊ बाबा, तुझ्यापायी रँक जाती."

"आरं, पन तू पडला व्हता ना," तो म्हणायचा.

दसरा झाला आणि तो घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला, पार कोल्हापूरकडं. आम्ही तिघंच उरलो.

*

दिवाळीनंतर बोका आला. पिवळा, एक कान फाटलेला. दुधाच्या केंद्रावर मांजर येणारच, पण याला नाव गेममधलं द्यायचं असं ठरलं. फिरोज म्हणाला स्नायपर, दत्ता म्हणाला कमांडर, मी म्हणालो किलर. मग ठरलं, मॅचमध्ये जो शेवटपर्यंत टिकेल त्याचं नाव पक्कं.

पहिल्या दोन मिनिटांत तिघंही खलास. मारणारं पोरगं कुठलं कोण जाणे, आवाज अजून फुटला नव्हता त्याचा. माईकवर म्हणालं, "अंकल, रहने दो."

तिघांनीही फोन खाली ठेवले. तेवढ्यात दत्तानं बोक्याला हाक मारली. बोका तसाच बसून राहिला. आम्ही विसरूनही गेलो आणि मग त्यानं सावकाश मान वळवली.

"आयला, ह्यो तर आपला लॅग्या!" दत्ता म्हणाला.

पोट दुखेपर्यंत हसलो. फिरोजनं तर बोक्याचा व्हिडिओ काढला, "लॅग्या, ए लॅग्या" अशा हाकांसकट, आणि स्टेटसला टाकला.

*

आमच्या केंद्राचे कारभारी सोपानकाका. साठीचे, माळकरी. पण काका सगळ्यांचे स्टेटस बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग संपल्यावर त्यांनी विचारलं, "महादूला काय म्हनता रे तुमी?"

मी काट्याजवळची वही चाळायला लागलो.

"आनि ह्या बोक्याला?"

दत्ता फॅट मशीन पुसायला लागला. काका चष्मा काढून म्हणाले, "बरं हाय. मानूस ऊस तोडाया गेला, त्याच्या जागी मांजर बशीवलं."

फिरोजनं तिथल्या तिथं स्टेटस पुसून टाकला. इतक्या घाईत, की कुणीकुणी पाहिलाय हे बघायचंही राहून गेलं. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. आम्ही तिघांनी ठरवलं, महादू यायच्या आत बोक्याचं नाव बदलायचं.

*

पण बोक्याला ते कळायला हवं ना. कमांडर म्हटलं की ढुंकून बघत नव्हता. पंधरवडाभर आम्ही वाटी वाजवून "कमांडर, कमांडर" करत होतो. मग फिरोजनं स्नायपर करून पाहिलं. त्याच दिवशी एक उंदीर स्नायपरच्या शेपटीवरून गेला आणि स्नायपर नुसता बघत राहिला. पुन्हा कमांडर.

एकदा डेअरीचे साहेब तपासणीला आले, तेव्हा दत्ता टेबलाखाली गुडघ्यावर होता आणि म्हणत होता, "कमांडर, बाहेर या. या की बाहेर."

साहेब वाकले. "आत कोण आहे?"

"बोका हाय, साहेब."

"मग बोका म्हणा की."

लाजेनं मी त्यांच्या चहात साखर घालायचीच विसरलो. बोका मात्र "लॅग्या" असं नुसतं पुटपुटलं तरी, उशिरा का होईना, यायचा. काका नसताना आम्ही तसं पुटपुटायचोही. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

*

माघात महादूचा फोन आला. मागून ऊस भरणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता.

"स्क्वॉडात माझी जागा हाय ना रं?"

"हाय की. तुझीच हाय."

तेवढ्यात बोका ओरडला.

"मांजर पाळलं व्हय?"

"व्हय, एक हाय. असंच."

"नाव काय ठिवलं?"

"कमांडर," मी म्हणालो.

"कमांडर?" त्यानं दोनदा विचारलं. मला वाटलं, रेंज नाही, नीट ऐकू गेलं नसेल. मग तो म्हणाला, "लई भारी नाव हाय," आणि गाडी भरायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

*

पाडव्यानंतर महादू आला. काळा पडला होता, बोटांना चिरा पडल्या होत्या. आम्ही त्याला खुर्ची दिली, भेळ मागवली, पाठीत थापा मारल्या. जरा जास्तच मारल्या. त्यानं पिशवीतून नवा कोरा फोन काढला आणि नुसता गुडघ्यावर ठेवला.

दत्तानं वाटीत दूध ओतलं. बोका पेंडीच्या थप्पीवर अगदी वर बसलेला.

"कमांडर, ये," दत्ता म्हणाला. बोका हलला नाही.

"कमांडर," फिरोजनं वाटी वाजवली. मी चुटक्या वाजवल्या. आम्ही तिघं आळीपाळीनं हाका मारत राहिलो. महादू एकदा आमच्याकडं बघायचा, एकदा बोक्याकडं.

मग तो खुर्चीवरून उठला, थप्पीखाली उकिडवा बसला आणि जमिनीवर हळूच थोपटलं.

"लॅग्या, ये रं."

बोका लगेच उतरला. वाटीकडं न जाता त्याच्या मांडीला अंग घासायला लागला. महादूनं वाटी पुढं ओढून दिली आणि बोक्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवत तो म्हणाला, "स्टेटस तवाच पाहिला व्हता म्या. ऱ्हाऊ द्या त्याला त्येच नाव. सवय झालीय त्याची. माजा फोन आता अडकत न्हाई, मला दुसरं बघा."

आम्ही तिघंही एकदम कॅन धुवायला उठलो. कॅन सकाळीच धुऊन पालथे घातलेले होते.