जुनवानीच्या वळणावरची ड्युटी

अख्ख्या भिलाईत दुसऱ्यांना पळवून स्वतः इंचभरही न हलणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बाबांचा दोस्त आहे. हे काका स्टील प्लांटमधून रिटायर होऊन घरी आले ते हेल्मेट घालूनच, असं काकू सांगतात. दरवर्षी ते आमच्या बुद्ध विहाराच्या अभ्यासिकेसाठी दौड भरवतात. विहारापासून जुनवानीच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. पण काका तिला मॅरेथॉन म्हणतात, आणि दुसरं काही म्हटलं तर ओ देत नाहीत. आधी सगळ्यांना रांगेत उभं करून, हात पुढे करून सुरक्षेची शपथ. यंदा एकाला चपला घातल्या म्हणून त्यांनी घरी पाठवलं, तो अनवाणी आला तेव्हा पुन्हा पाठवलं. शपथेनंतरचं भाषण इतकं लांबतं की पळणारे खाली बसून घेतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून मी सेक्रेटरी. म्हणजे बॅनर बांधायचा, केळी वाटायची आणि बोलणी खायची.

यंदा मात्र मला खरंच काळजी होती. अभ्यासिकेचा पंखा जळाला होता. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली कोणी बसू शकत नाही, म्हणून समितीने सांगून टाकलं होतं, पंखे आले नाहीत तर खोली मंडपवाल्याला सामान ठेवायला देऊ. माझ्या घरी दोन खोल्या, सहा माणसं आणि एक टीव्ही. परीक्षा मे महिन्यात. एका कंत्राटदाराने बक्षिसं वाटताना नवे पंखे जाहीर करायचं कबूल केलं होतं. हे पाहुणे वेळेवर आले. पळणारेही परत आले. काकाच नव्हते. मी फोन लावला.

"काका, पाहुणे बसून राहिले. कुठं आहा तुमी?"

"वळणावर. एक बाई यायची आहे अजून."

"येईल ते बाई. तुमी या ना."

"रिलिव्हर पाठोला का तू?"

बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा प्लांटचा नियम. तिथे भट्टी असते, गॅस असतो. जुनवानीच्या वळणावर एक पानठेला आहे, तोही त्या दिवशी बंद होता. काकांनी नियम तरीही पाळला. कोणाला तरी पाठवायचं म्हणून मी सायकल शोधेपर्यंत पाहुणे घड्याळ बघत गाडीत बसले.

काका आले ते गुडघे दुखणाऱ्या एका मावशींच्या मागोमाग, त्यांच्याच चालीने. विहारासमोरच्या मैदानात मी एकटाच बॅनर सोडत होतो.

"पंखे गेले, काका."

"मंग? बाईले सोडून येतो का? वळणावर कोणी नसतं तं ते सरळ पार नंदिनी नगरले गेली असती."

"गेलीच असती," मावशी म्हणाल्या, आणि उरलेलं केळं सोलू लागल्या.

एप्रिलमध्ये अभ्यासिकेत मंडपाच्या खुर्च्या आल्या. आता आम्ही काही पोरं काकांच्या व्हरांड्यात अभ्यास करतो. कूलरचं तोंड आमच्याकडे असतं, काका त्याच्या मागच्या, गरम बाजूला बसतात आणि एक पान संपायच्या आत विचारतात, "हवा येऊन राहिली ना रे?" अशाने कोणाचा अभ्यास व्हायचा?

मागच्या आठवड्यात ते किल्ली माझ्याकडे देऊन, काकूंना घेऊन लेकीकडे नागपूरला गेले. व्हरांडा अगदी शांत होता. दुपारी, कोणी काही विचारलेलं नसताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "येऊन राहिली, काका." कोणीच हसलं नाही.